कसबे पुण्यातील एका घराची हकिगत

स्मरणिकेचे काम सुरू झाले म्हणजे मंडळाचे चिटणीस दर वर्षी आमच्याकडे येतात आणि ‘गुरुजी, यंदाही ज्ञातीच्या इतिहासावर चार पाने हवीत’ असे सांगून जातात. यंदा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. कसबा पेठेत, तांबट आळीच्या परिसरात असलेले आमचे वडिलोपार्जित घर विकावयास काढले आहे. पाच वाटेकऱ्यांपैकी चौघांच्या सह्या झाल्या. पाचवी सही आमची. ती आम्ही तीन महिने अडवून धरली. त्या तीन महिन्यांत जे पाहिले, वाचले व आठवले, तेच येथे सांगावयाचे आहे. ज्ञातीतील कित्येक कुटुंबांपुढे हाच प्रसंग येऊन गेला आहे अथवा येऊ घातला आहे, म्हणून घरगुती गोष्ट चारचौघांत मांडण्याचे हे धाडस वाचक क्षम्य मानतील अशी आशा आहे.

घर विकावयाचे ठरल्यावर आमच्या पुतण्याने प्रथम त्याची डागडुजी केली. डागडुजी हा शब्द अपुरा पडेल. घराचे रूपच पालटले. ओटीवर काचेसारखी चकचकीत फरशी आली, माजघराच्या कडीपाटाखाली पांढरे खोटे छत आले, दर्शनी भिंतीवर मात्र लाकडाचा भास होईल अशा फळ्या बसविल्या आणि दोन खोट्या महिरपी उभ्या केल्या. आम्ही म्हणालो, ‘अरे, खऱ्या महिरपी आत होत्या, त्या झाकल्यास आणि बाहेर खोट्या लावल्यास, हे कसे?’ तो हसून म्हणाला, ‘काका, गिऱ्हाईकाला जुने दिसलेले आवडते, जुने असलेले चालत नाही.’ मुलगा वाईट नाही. कष्टाळू आहे आणि खर्च त्याने पदरचा केला. पण ते वाक्य आमच्या मनातून जाईना.

पुढे दलाल एका गृहस्थांस घेऊन आला. गृहस्थांनी सारे पाहून विचारले, ‘गुरुजी, घर किती वर्षांचे असेल?’ बत्तीस वर्षे आम्ही मुलांना शिवकाल व पेशवाई शिकविली, सनावळ्या पाठ करवून घेतल्या. पण आपल्या जन्मघराचे वय आम्हांस सांगता आले नाही. ‘शंभरावर असेल’ असे काहीतरी पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली. त्याच रात्री माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

पेटीत घरपट्टीच्या पावत्या होत्या, वाटणीपत्राची नक्कल होती आणि तळाशी मोडी लिपीतील एक खरेदीखत होते. मोडी आम्हांस येत नाही. एका स्नेह्याने ते लावून दिले. कंपनी सरकारच्या अमलातला तो कागद. त्यात घराच्या चतुःसीमा दिल्या असून पुढे ‘भट्टी व ठोकावयाची जागा यांसुद्धा’ घर दिले, असे म्हटले आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांनी ते विकत घेतले, त्या आधीही तेथे आपलाच धंदा चालत होता. घराचे खरे वय त्या कागदानेही सांगितले नाही. पण घर कोणत्या कामासाठी बांधले होते, ते सांगितले.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. पुणे शहराच्या प्राचीनत्वाचा जो लेखी पुरावा दाखविला जातो, तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील इ. स. ७५८ व ७६८ या सालांच्या दानपत्रांचा. त्यांत ‘पुण्यविषय’ व ‘पूनकविषय’ असे या प्रदेशाचे उल्लेख आहेत. ही दानपत्रे म्हणजे ताम्रपट होत. राजाचे नाव सर्वांस ठाऊक होते, पण तो पत्रा कोणी ठोकून सपाट केला, त्याचे नाव कोठेही नाही. तो आपल्यापैकीच कोणी होता असे म्हणण्यास आधार नाही, आणि ज्ञातीच्या अभिमानापायी निराधार गोष्टी लिहिण्याची जी खोड स्मरणिकांतील लेखकांना असते ती आम्हांस नको आहे. इतकेच म्हणू की, या शहराचे नाव प्रथम तांब्यावर उमटले आणि ते तांबे कोण्या तांबटानेच घडविले असले पाहिजे.

त्यापुढील मोठी घटना सर्वश्रुत आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. पुढे जिजाबाई व बालशिवाजी येथे आले आणि गाव पुन्हा वसले. कसबा गणपती हे ग्रामदैवत आणि शेजारचा लाल महाल, या दोहोंच्या भोवती हा कसबा नांदू लागला. आज दिसणारा लाल महाल मात्र त्या काळचा नव्हे. मूळ वास्तू केव्हाच नाहीशी झाली. सध्याची इमारत महानगरपालिकेने १९८४ ते १९८८ या काळात बांधली. शाळेची सहल नेली म्हणजे मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगत असू. काही मुले हिरमुसत. एकदा एका मुलीने विचारले, ‘मग गुरुजी, इथे खरे काय आहे?’ आम्ही म्हणालो, ‘बाळ, जागा खरी आहे.’

आपली मंडळी कोकणातून येथे आली आणि पेशव्यांनी त्यांस कसब्यात वसविले, असे घराघरांतून परंपरेने सांगतात. तोफा, नाण्यांचे ठसे, वाड्यांतील भांडीकुंडी, देवालयांचे कळस यांना माणसे हवी होती. तांब्याची शिवराई ही रयतेच्या रोजच्या व्यवहारातील नाणी होती, आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीही ती चालत राहिली. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली आणि खर्च १६,११० रुपये आला, हे आकडे शाळेतील प्रत्येक मुलास येतात. पण पेशवाईच्या भरभराटीबरोबर एक एक पेठ वाढत गेली तसा हंडे, घंगाळे, पातेली, परातींचा केवढा पुरवठा या आळीस करावा लागला असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कुंभारवाडा, कागदीपुरा, शिंपी आळी, तांबट आळी ही नावेच सांगतात की सत्ता जरी शनिवारवाड्यात होती तरी हात कसब्यात होते.

आता घराकडे वळू. घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी सांगाडा, मधल्या जागेत चपट्या विटा व माती, सुरूच्या घाटाचे खांब, वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीची भर. वजन सारे लाकडावर. भिंत केवळ आडोसा. म्हणून भिंत पाडली तरी घर उभे राही आणि म्हणूनच प्रत्येक पिढीने हव्या त्या भिंती पाडल्या व घातल्या. सरदारांच्या वाड्यात पुढला चौक कचेरीचा असे. आमच्या घरात तो कारखान्याचा होता. ओटीच्या उजव्या अंगास भट्टी, तिच्यापुढे जमिनीत पुरलेला लाकडाचा ओंडका आणि ओंडक्यात रोवलेली लोखंडी खरवई. आमचे आजोबा तिच्यावर हंडा पालथा घालून बसत. एक हात हंडा फिरवी, दुसरा ठोके देई. ठोका एकाच्या शेजारी एक, ओळीने, अंतर न चुकता. भांडे तापवावे, निववावे, चिंचेच्या पाण्याने उजळावे आणि मग मठारावे. मठाराने भांड्यास नुसती चकाकी येत नाही, पत्रा कठीण होतो. म्हणूनच पातळ पत्र्याचा बंबही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ही गोष्ट आम्ही पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचली. आजोबांनी पुस्तक वाचले नव्हते.

आळीत त्या वेळी पहाटेपासून ठोके सुरू होत. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्रीनंतर डोके धरून बसे. आम्ही मात्र त्या आवाजात अभ्यास केला, आणि सुटीच्या दिवशी तो बंद असला म्हणजे चुकल्यासारखे वाटे. तांबट नावाचा हिरवा पक्षी ‘टुक्‌ टुक्‌’ करतो म्हणून त्यास आपले नाव मिळाले. आज आमच्या नातवाने पक्षी ऐकला आहे; आळी ऐकलेली नाही.

या घराने आजवर किती फेरफार पाहिले, ते आम्ही भिंतीभिंतीने मोजून पाहिले. मूळ छपर काय होते कोण जाणे. मंगलोरी कौले मागाहून चढली. १८९७ च्या प्लेगात सरकारी तुकड्या घरोघर शिरल्या. कोठे छपरे उघडून ऊन आत घेतले गेले, कोठे जमिनी उकरल्या गेल्या. माजघरातील काचेचे कौल तेव्हाच्या भोकावर बसले, असे आमची आजी सांगे. ते खरे असो वा नसो, त्या कौलातून पडणाऱ्या उन्हाच्या चौकोनावरून ती दुपारची वेळ सांगत असे आणि ती फारशी चुकत नसे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आम्ही तेव्हा तान्हे होतो. पण घरात ही गोष्ट इतक्या वेळा निघाली की आम्ही पाहिल्यासारखी सांगू शकतो. नदीकाठची मातीविटांची घरे बसली. आमच्या आत्याचे कुटुंब नेसत्या वस्त्रांनिशी आले आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन कुटुंबे. माडीवर पत्रे उभे करून तीन खोल्या केल्या. काही लोक निसन हटमध्ये गेले, पुढे गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतींत स्थिरावले. आत्याही यथावकाश गेल्या. पत्रे मात्र पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. घरचे सौंदर्य त्याने गेले हे खरे, पण कोणी त्यांस कुरूप म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही.

पूर ओसरला, पण धंदा ओसरू लागला तो कायमचा. ॲल्युमिनियम आले, मागोमाग स्टेनलेस स्टील आले. लग्नात पितळी-तांब्याची भांडी मांडण्याची चाल गेली. स्वयंपाकघरात ग्यास आला, न्हाणीघरात विजेचा गीझर आला आणि बंबाचे दिवस संपले. वडिलांनी भट्टी विझविली आणि एका कारखान्यात पाळी धरली. आम्ही मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि शिक्षक झालो. घरात सर्वांना आनंदच झाला. ‘याच्या हाताला काजळी लागणार नाही,’ असे आजोबा म्हणाल्याचे आम्हांस पक्के आठवते. ते समाधानाने म्हणाले की खिन्नपणे, याचा निर्णय मात्र आम्हांस अजून करता आलेला नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पुतण्याच्या फरशीवर बोट ठेवणाऱ्या आम्हीच १९८९ साली घराचा दिंडी दरवाजा काढून जुन्या बाजारात विकला. अखंड सागवानी, पितळी फुल्यांचा, आतून अडसर असलेला दरवाजा. त्याच्या पैशांत थोडी भर घालून घरात संडास व सिमेंटचे न्हाणीघर बांधले. घरात म्हातारी माणसे होती, लहान मुली होत्या, आणि पावसाळ्यात अंगण ओलांडून मागे जावे लागे. गरज खरी होती. पण फुल्या तेवढ्या काढून ठेवाव्यात, एवढेही तेव्हा सुचले नाही. पुढे १९९४ साली कर्ज काढून आम्ही शहराबाहेर सदनिका घेतली आणि निघून गेलो. राहिली ती काकू, जुने भाडेकरू आणि गळके छप्पर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गरीब भाडेकरूचे रक्षण केले हे नाकारता येणार नाही. पण पाच-दहा रुपये भाड्यात कौले कोण शाकारणार? पेठांतील कित्येक वाडे या कचाट्यात सापडले. मालकास परवडेना, भाडेकरूचा हक्क अपुरा, आणि दर पावसाळ्यात महानगरपालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस. १९९९ चा नवा कायदा आला तोवर बहुतेक तुळयांचे बूड कुजले होते.

काकू २०१५ साली गेली. तेव्हापासून घर रिकामे आहे.

घराचे मोल सांगताना दलाल ‘वारसा वास्तू’ हा शब्द वापरतो. या शब्दाची आम्ही थोडी चौकशी केली. महानगरपालिकेची वारसा स्थळांची यादी आहे, तिच्यात श्रेणी आहेत. आमचे घर तिच्यात नाही. दुसरीकडे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांचा कायदा आहे. त्यातील २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. शनिवारवाड्यालगतची कित्येक जुनी घरे यामुळे अडून पडली आहेत. त्यांना पाडून बांधता येत नाही आणि राखण्यास पैसा नाही. आमचे घर त्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे त्यास गिऱ्हाईक मिळते ते जुनेपणामुळे नव्हे, तर ते पाडता येते म्हणून. पुतण्याच्या खोट्या महिरपी कोणासाठी होत्या, असा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला. त्यालाही तो आला असावा, कारण पुढे त्याने तो विषय काढला नाही.

शनिवारवाड्याचेच पाहा. १८२८ च्या आगीत तो आतून जळाला. आज तट, बुरूज, दरवाजे व जोती उरली आहेत. जोत्यांवरून फिरताना मनुष्य महाल मनानेच बांधतो. विश्रामबागवाड्याची गोष्ट वेगळी. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. इंग्रजांनी १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा घातली. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा खाक झाला आणि विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील दर्शनी भागही जळाला. पुणेकरांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभारला. आज ज्या दर्शनी भागाची छायाचित्रे लोक कौतुकाने काढतात, तो असा दुरुस्तीचा आहे. हे वाचले तेव्हा आमच्या मनावरचे एक ओझे हलके झाले. घर बदलणे हे पाप नव्हे. वस्ती असलेले घर बदलणारच. आजीचे काचेचे कौल, पुरातले पत्रे, आमचे न्हाणीघर, हे सारे बदलच होते. प्रत्येकामागे एक राहणारा मनुष्य होता. या शेवटच्या बदलामागे राहणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा दोष.

कसबा अजून जिवंत आहे. सप्टेंबर २०२४ पासून पेठेच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते, आणि फडके हौदाजवळच्या स्थानकास कसबा पेठ हेच नाव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजचे पाणी दगडी नळांनी शहरातील हौदांत खेळविले होते. त्या नळाचे उच्छ्वास लहानपणी आम्ही पाहिले आहेत. तेव्हा या पेठांस भुयाराचे नवल नाही. आपल्या आळीतही चार-दोन घरी ठोके चालू आहेत. इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने कारागिरांना नव्या घाटाची भांडी सुचविली. पाण्याचे तांबे, दिवे, ताटल्या असा माल आता जातो. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या कलेस युनेस्कोने २०१४ साली मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. आपल्या मठाराची तशी दखल का घेतली जाऊ नये, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न योग्य आहे; पण त्यासाठी अर्जाबरोबर हात दाखवावे लागतील, आणि ते आपल्यातल्या किती घरांत उरले आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

असो. आम्ही सही केली. अडवून धरण्यास आम्हांस तोंड नव्हते. पुतण्याच्या मुलीचे शिक्षण परदेशी चालले आहे आणि आत्याच्या नातवाचे घरकर्ज डोईवर आहे. परंतु सहीपूर्वी दोन अटी घातल्या व त्या खरेदीदार गृहस्थांनी सौजन्याने मान्य केल्या. पहिली, घराचे मोजमाप करण्यास पंधरा दिवस द्यावेत. वास्तुकलेचे शिक्षण घेणारी ज्ञातीतील दोन मुले व त्यांचे मित्र यांनी ते काम केले. त्यांनी खोटे छत उतरविले तेव्हा कडीपाट जसाच्या तसा निघाला. एका तुळईवर सुताराने कोरलेले लहानसे कमळ होते. साठ वर्षे त्या तुळईखाली वावरून आम्ही ते कधी पाहिले नव्हते.

दुसरी अट ओटीच्या फरशीची. भट्टीच्या जागेवरील चार फरश्या काढू द्याव्यात, असे आम्ही म्हटले. पुतण्याने स्वतःच पहार घेतली. खाली कोबा, कोब्याखाली माती, मातीत काजळी; आणि मधोमध ओंडका. नव्या फरशीच्या पातळीस अडथळा होतो म्हणून गवंड्यांनी खरवई उपटून वरचा भाग कापला होता, बुंधा तसाच जमिनीत होता. खरवई कोठे गेली, हे कोणास ठाऊक नाही. भंगारात गेली असावी. ओंडक्यातील चौकोनी भोक शिल्लक होते. पुतण्याने त्यात बोट घालून पाहिले आणि म्हणाला, ‘काका, मला वाटले जुना खांब असेल. हे पणजोबांचे, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.’ त्याचे म्हणणे खरे होते. ते सांगावयाचे काम आमचे होते.

ओंडका पूर्ण निघाला नाही, काढताना दुभंगला. एक तुकडा, मोडी खरेदीखताची नक्कल आणि मुलांनी काढलेले घराचे नकाशे मंडळाच्या कचेरीत ठेवले आहेत. नकाशे बारा आहेत. दस्त पुढील महिन्यात नोंदविला जाईल. ज्या कुटुंबांची घरे अद्याप उभी आहेत, मग ती विकावयाची असोत वा नसोत, त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे. मोजमाप करणारी मुले रविवारी मोकळी असतात व चहापलीकडे काही घेत नाहीत. जुने कागद मोडीत असल्यास ते वाचून मिळण्याची व्यवस्था होईल. आणि कोणाकडे जादा खरवई असल्यास आम्हांस कळवावे. मंडळात ओंडका आहे, खरवई नाही.